टूर द फ्रान्स बघायला जायचं तर एकच घाट निवडा

टूर द फ्रान्स ही फ्रान्समध्ये दर जुलैत होणारी सायकल शर्यत. ती बघायला तिकीट लागत नाही. शर्यत साध्या रस्त्यांवरून जाते आणि त्या रस्त्याच्या कडेला कोणीही जाऊन उभं राहू शकतं. खर्च होतो तो विमानाचा, व्हिसाचा आणि राहण्याचा. एवढा खर्च करून आपल्याकडची बरीच मंडळी शेवटच्या दिवशी पॅरिसला जातात आणि शॉंझेलिझे या तिथल्या मोठ्या रस्त्यावर माणसांच्या चार रांगांमागून रंगीत हेल्मेटं सर्रकन जाताना बघतात. माझं सांगणं असं, की पॅरिस सोडा. एक डोंगररांग धरा, तिथल्या एका गावात मुक्काम टाका आणि एक घाट निवडून त्याला अख्खा दिवस द्या. शर्यत घाटातच नीट दिसते, कारण सायकलवाले तिथेच हळू होतात. सपाटीवर ताशी पंचेचाळीस किलोमीटरने जाणारा शे-दीडशे जणांचा घोळका अर्ध्या मिनिटात डोळ्यांसमोरून नाहीसा होतो. मोठ्या घाटात तेच सायकलपटू सुटे सुटे होऊन अर्धा-पाऊण तास तुमच्यासमोरून जात राहतात, आणि प्रत्येकाचा चेहरा वाचता येतो.

मी साताऱ्याची. यवतेश्वरचा चढ सायकलने चढणं हा रविवारचा नेम आहे, त्यामुळे घाटाची ओढ आधीपासूनची. 2025च्या जुलैत मी आणि माझा भाऊ फ्रान्स-स्पेन सीमेवरच्या पिरेनीज डोंगररांगेत टूर बघून आलो. खाली लिहिलंय ते बहुतेक त्याच अनुभवातून.

ऑक्टोबरपासून सुरुवात करा

पुढच्या वर्षीचा मार्ग आदल्या ऑक्टोबरात पॅरिसला जाहीर होतो. रोज एक असे एकवीस टप्पे, मधे विश्रांतीचे दोन दिवस, म्हणजे एकूण तेवीस दिवसांचा मामला. नकाशा हातात आला की सुंदर टप्पे शोधत बसू नका. एकाच खोऱ्याच्या आसपास दोन-तीन डोंगरी टप्पे लागोपाठ कुठे आलेत ते बघा. 2025मध्ये 17 जुलैला ओताकामचा चढ होता, 18ला पेराग्यूदची डोंगरातली एकेकट्याची घड्याळी शर्यत आणि 19ला पो ते सुपरबान्येर हा तुर्माले घाटावरून जाणारा टप्पा. ओताकाम आणि तुर्माले दोन्हींना सोयीचं गाव म्हणजे लूर्द.

वसई-गोव्याकडच्या कॅथलिक कुटुंबांना लूर्द ठाऊक असतंच. जगभरातून यात्रेकरू येतात, म्हणून छोट्या गावाच्या मानाने तिथे हॉटेलं भरपूर आहेत. डोंगरातल्या चिमुकल्या गावांतल्या खोल्या मार्ग जाहीर झाल्यावर बघता बघता संपतात. लूर्दला जागा मिळण्याची शक्यता पुष्कळ जास्त, आणि यात्रेकरूंसाठी बांधलेली हॉटेलं साधी, स्वच्छ असतात. आल्प्समध्ये जायचं असेल तर हाच विचार ग्रनोब्ल किंवा बूर्ग-द्वाझां धरून करा. खोली मात्र रद्द करता येईल अशीच घ्या, कारण व्हिसा हातात यायचा असतो.

फ्रान्ससकट युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच शेंगेन व्हिसा चालतो. त्याचा अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपर्यंत करता येतो. एप्रिल-मेमध्ये सगळा महाराष्ट्र युरोपला निघालेला असतो, अपॉइंटमेंट मिळणं अवघड जातं, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्येच हात घाला. किमान 30,000 युरोंचं विमा संरक्षण लागतं आणि प्रत्येक रात्र कुठे काढणार ते दाखवावं लागतं. "घाटात तंबू ठोकू" असं अर्जात चालत नाही. टूर अधूनमधून फ्रान्सच्या बाहेर सुरू होते: 2024ला फ्लॉरेन्स, 2026ला बार्सिलोना. तशा वर्षी जास्त रात्री ज्या देशात राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा.

पोचणं

मुंबईहून पॅरिसला थेट विमान आहे. विमानतळावरून आरईआर-बी लोकलने दांफेर-रोशरो, तिथून मेट्रोने मोंपारनास स्टेशन. बॅगा घेऊन हे करायला दोन तास हाताशी ठेवा. मोंपारनासहून लूर्दला थेट तेजेवे (TGV) ही वेगवान गाडी आहे, पाच तासांच्या आसपास लागतात. तिकिटं लवकर काढली तर बरीच स्वस्त पडतात.

गाडी भाड्याने घ्यायची असेल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. पण मी गाडी घ्या म्हणणार नाही. शर्यतीच्या दिवशी घाट तासन् तास बंद असतो, मोठे घाट तर आदल्या संध्याकाळपासूनही गाड्यांना बंद होऊ शकतात, आणि परतताना एकाच अरुंद रस्त्यावर हजारो गाड्या अडकतात. किती वाजता काय बंद होणार ते त्या त्या जिल्ह्याचं प्रशासन आणि टूरचं अधिकृत संकेतस्थळ आधी जाहीर करतं. ते बघितल्याशिवाय बेत पक्का करू नका.

ओताकामला आम्ही लूर्दहून भाड्याच्या सायकलींवर गेलो. लूर्दपासून आर्जेलेस-गाझोमार्गे जुन्या रेल्वेमार्गावर केलेला सायकलरस्ता आहे, व्हवा व्हेर्त दे गाव्ह नावाचा. गाड्या नाहीत, चढ फार नाही, शेजारून नदी. आर्जेलेसला उतरलं की ओताकामचा पायथा समोर. तुर्मालेसाठी मात्र आदल्या दिवशीच वर जा. लूर्दहून लूझ-सां-सोव्हरमार्गे बारेजकडे लिओ या प्रादेशिक सेवेची बस जाते. शर्यतीच्या दिवशी तिच्यावर विसंबू नका. एक रात्र लूझ किंवा बारेजला मिळाली तर दुसऱ्या दिवशीची निम्मी दगदग वाचते.

जागा कशी निवडायची

लूझच्या बाजूने तुर्माले 19 किलोमीटरचा आहे, सरासरी चढ साडेसात टक्क्यांच्या आतबाहेर, माथा 2115 मीटरवर. सगळ्यांना माथ्यावर जायचं असतं. तिथे कठडे, गर्दी, वारा, आणि सायकलवाले उताराच्या तयारीत असल्यामुळे वेग वाढवलेला. त्यापेक्षा माथ्याच्या चार-सहा किलोमीटर खाली थांबा. बारेजच्या वर टूर्नाबू नावाची जागा आहे. तिथून वर झाडी संपते आणि रस्ता उघड्या गवताळ उतारावरून वळणं घेत जातो. जुना रस्ताही तिथूनच वेगळा निघतो. त्याला लोराँ फिन्यों या दिवंगत विजेत्याचं नाव दिलंय आणि तो मोटारींना बंद असतो. चढाचं अवघड अंग याच पट्ट्यात आहे, म्हणून सायकलवाले इथे खरोखर दमलेले दिसतात.

जागा निवडताना मी तीन गोष्टी बघते. खालचं एखादं वळण दिसायला हवं, म्हणजे येणारे आधी ठिपक्यासारखे दिसतात आणि पाच-दहा मिनिटं त्यांना वर येताना बघता येतं. पाठीमागे टेकायला बांध किंवा उतार हवा, कारण तिथे सहा-सात तास काढायचे असतात. आणि रस्त्याला लागून मागे सरकायला जागा हवी. एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी असलेल्या ठिकाणी गाड्यांचा ताफा आला की अंग चोरून उभं राहावं लागतं. वळणाच्या आतल्या बाजूला चढ सगळ्यात उभा असतो, तिथे सायकली अगदी हाताच्या अंतरावरून जातात. फोटो हवे असतील तर बाहेरच्या बाजूला उभे राहा.

पायी जाणाऱ्यांना बराच वेळ वर सोडतात. सायकलवाल्यांना पोलीस कधी उतरवतील ते त्यांच्या मर्जीवर. "उतरा" म्हटलं की वाद न घालता उतरायचं आणि सायकल ढकलत जायचं. सकाळी नऊपर्यंत जागेवर असाल असं बघा.

बरोबर काय न्यायचं

जुलै म्हणजे दरीत 35 अंश आणि वर काहीही. आम्ही गेलो त्या दिवशी तुर्मालेवर धुकं उतरलं होतं आणि रस्ता ओला होता. पावसाचं जाकीट, एक लोकरी थर, टोपी, सनस्क्रीन हे सगळं एकाच पिशवीत हवं. कोरडे मोजे तर हवेतच. वर सावली नाही, दुकान नाही. स्वच्छतागृहं गावातच, तेवढी तयारी ठेवून निघा.

पाण्याची प्रत्येकी दोन-तीन लिटरची सोय करा. गावातल्या नळांवर 'ओ पोताब्ल' लिहिलेलं असेल तर पाणी पिण्याजोगं. मधे 'नों' असेल तर नाही.

खाण्याचं आदल्या दिवशीच बघा. छोट्या गावातली दुकानं दुपारी दोन-तीन तास बंद असतात, रविवारी दुपारनंतर तर काही मिळत नाही. लांबट पाव, स्थानिक मेंढीच्या दुधाचं चीज, टोमॅटो, पीच एवढं घेतलं की शाकाहारी माणसाचा दिवस छान जातो. घरून शेंगदाण्याची चटणी, खाखरे, चिक्की न्या. त्या पावावर शेंगदाण्याची चटणी अप्रतिम लागते. पण दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून युरोपात न्यायला बंदी आहे, तेव्हा कंदी पेढे आणि तूप घरीच ठेवा. आंबेही नकोत, ताज्या फळांना प्रमाणपत्र लागतं.

दुकानात, बसमध्ये, शेजारी बसलेल्या कुटुंबाशी, कुठेही बोलायच्या आधी 'बॉन्जूर' म्हणायचं. हे न म्हणता थेट प्रश्न विचारला तर माणसं तुटक उत्तर देतात, म्हटलं तर मदतीला धावतात. आमच्या शेजारी आपल्या फिरत्या घरासह दोन दिवसांपासून मुक्काम ठोकलेलं एक वयस्क जोडपं होतं. आजींनी सकाळीच आम्हाला खुर्च्या दिल्या. त्यांच्या टीव्हीवर शर्यत चालू होती, म्हणून कोण पुढे आहे ते आम्हाला कळत राहिलं. मोबाइलचं नेटवर्क गर्दीत बसून जातं, त्यामुळे असा शेजार फार मोलाचा. चटणी त्यांनाही दिली. आजोबांनी पुन्हा मागून घेतली.

वाट बघणं

पालखी यायच्या आधी दिवे घाटात लोक कसे सकाळपासून जागा धरून बसतात, खातात-पितात, ओळखी करून घेतात, तसा इथला दिवस जातो. रस्त्यावर खडूने नावं लिहिणं चालू असतं, मुलं उतारावर लोळत असतात.

टूरच्या संकेतस्थळावर प्रत्येक टप्प्याचं वेळापत्रक असतं. एकेका ठिकाणाला तीन वेळा दिलेल्या असतात, शर्यत संथ, मध्यम किंवा वेगात गेली तर कधी पोचेल त्या. त्याचा फोटो काढून ठेवा. शर्यतीच्या साधारण दोन तास आधी जाहिरातदारांचा ताफा येतो. 1930पासून ही प्रथा आहे. सजवलेल्या गाड्यांची कित्येक किलोमीटर लांब रांग अर्धा-पाऊण तास चालते आणि टोप्या, किचेन, खाऊ भिरकावत जाते. सगळ्यात मागणी असते ती पांढऱ्यावर लाल ठिपक्यांच्या टोप्यांना आणि टी-शर्टना. आपल्या मुंबई-पुणे शर्यतीत ज्याला घाटांचा राजा म्हणतात, त्या मानाची ही जर्सी. शाकाहारी असाल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा: कोशोनू या कंपनीची छोटी पाकिटं डुकराच्या मांसाच्या सॉसेजची असतात, आणि जेलीच्या गोळ्यांत बहुधा जिलेटिन असतं. शेजारच्या मुलांना देऊन टाका. आणि रस्त्यावर पडलेल्या वस्तूसाठी गाड्यांच्या मधे कधीही वाकू नका.

ताफा गेला की रस्ता विचित्र रिकामा होतो. मग पोलिसांच्या मोटरसायकली, अधिकाऱ्यांच्या गाड्या. हेलिकॉप्टरचा आवाज दरीतून वर यायला लागला की उभं राहायचं. त्यानंतरचा क्रम ओळखीचा असला तर बघण्यात दुप्पट गोडी येते. सर्वांत पुढे सुटलेले आघाडीचे सायकलपटू. त्यांच्यामागे एका मोटरसायकलवर पाटी घेतलेली व्यक्ती, त्या पाटीवर कोण किती मिनिटं मागे आहे ते लिहिलेलं. ते वाचून घ्या. मग पिवळ्या जर्सीचा, म्हणजे एकंदरीत पहिला असलेल्याचा गट. मग छतावर सायकली लावलेल्या संघांच्या गाड्या, मग तुटून तुटून येणारे एकेकटे. सगळ्यात मागे वेगाने फिनिश गाठणाऱ्या धिप्पाड गड्यांचा मोठा घोळका, ज्यांना घाट जिंकायचा नसतो, फक्त ठरलेल्या वेळेच्या आत मुक्कामाला पोचायचं असतं. मला हा शेवटचा घोळका सगळ्यात प्रिय आहे. पुढच्यांना टाळ्या मिळतातच, यांच्यासाठी मुद्दाम थांबा आणि घसा फोडून 'अले, अले' ओरडा. त्यातले काही मान वर करून बघतात, एखादा हसतो.

त्या दिवशी तुर्मालेच्या माथ्यावर पहिला पोचला तो लेनी मार्तिनेझ, आणि सुपरबान्येरला टप्पा जिंकला तिमन आरेन्समनने. पण आमच्या जागेवरून दिवसभराची मोठी बातमी दिसली ती वेगळ्याच तऱ्हेने. पोगाचार पिवळ्या जर्सीत गेला, एकंदरीत दुसरा असलेला विंगेगार्ड गेला, आणि पांढरी जर्सी काही येईना. ती सर्वोत्तम तरुण सायकलपटूची, एव्हेनपूलच्या अंगावरची. एकंदरीत तिसरा असलेला माणूस इतका मागे कसा, म्हणून आम्ही धुक्यात डोळे ताणून एकेक जर्सी तपासत होतो. मग आजोबा टीव्हीपाशी जाऊन आले आणि हाताने खूण केली: त्याने खालच्या चढावरच शर्यत सोडली होती. टीव्हीवर हे एका वाक्यात कळतं. रस्त्यावर ते माणूस न येण्यातून कळतं, आणि तुर्माले काय चीज आहे ते तेव्हा पटतं.

रस्त्यावर कसं वागायचं

सायकलवाल्यांना हात लावायचा नाही, ढकलायचं नाही, पाणी ओतायचं नाही. शेजारून धावायचं नाही. शर्यतीकडे पाठ करून सेल्फी तर मुळीच नाही. झेंडा हवाच असेल तर छोटा, हातात घट्ट धरलेला. पाठीवरच्या पिशवीचे आणि कॅमेऱ्याचे पट्टे आत खोचा. हे मी कळकळीने सांगतेय, कारण परिणाम फार वाईट होतात. 2021मध्ये पहिल्याच टप्प्यात एका प्रेक्षकाने टीव्हीत दिसावा म्हणून फलक रस्त्यावर पुढे धरला आणि निम्मा घोळका कोसळला. पुढे कोर्टाने 1200 युरो दंड केला. 2018ला आल्प द्युएझवर गर्दीने अरुंद झालेल्या रस्त्यात इटलीचा सायकलपटू निबाली पडला, मणक्याचं हाड मोडलं आणि त्याची टूर संपली. 2016ला मों व्हांतूवर गर्दीमुळे मोटरसायकल अडली, मागचे तिच्यावर आदळले आणि फ्रूमला पिवळ्या जर्सीत सायकलविना पळत सुटावं लागलं. सायकल आपल्यापासून वीतभर अंतरावरून जाऊ देतात हा या खेळाचा मोठेपणा आहे. तो टिकवणं आपल्या हातात आहे.

मुलं बरोबर असतील तर त्यांना रस्त्याच्या एकाच बाजूला ठेवा. समोरच्या बाजूला काही पडलं म्हणून ती धावतात.

परतताना

शेवटी 'झाडूगाडी' येते, शर्यत सोडलेल्यांना उचलणारी. तिच्या आणि शर्यत संपल्याची खूण करणाऱ्या गाडीच्या मागेच रस्ता मोकळा होतो. लगेच निघू नका. शेकडो हौशी सायकलवाले सुसाट खाली येतात, त्यांच्यापाठोपाठ फिरत्या घरांची रांग लागते. आम्ही तासभर बसलो, उरलेला पाव खाल्ला, कचरा गोळा केला आणि मग कडेकडेने बारेजपर्यंत उतरलो. बस त्या संध्याकाळी मिळेलच असं धरू नका, ती रात्रही वरच काढा.

दुसरा दिवस मोकळा असेल तर सायकल घेऊन माथा ओलांडा आणि पलीकडे सांत-मारी-द-कांपां गावात उतरा. 1913च्या टूरमध्ये युजीन क्रिस्तोफ या सायकलपटूच्या सायकलचा, पुढचं चाक धरणारा चिमटा तुर्मालेवर मोडला. बाहेरची मदत घ्यायला नियमाने बंदी होती. तो सायकल खांद्यावर घेऊन या गावापर्यंत चालत आला आणि लोहाराच्या भट्टीत स्वतःच्या हाताने चिमटा सांधला. एका पोराने भाता मारून दिला म्हणून त्याला वर दंडाची मिनिटंही लागली. गावात त्याची स्मृती जपलेली आहे. घाट स्वतः उतरून तिथे पोचलात की तो माणूस किती चालला ते पायांना कळतं.

घाटात सहा-सात तास बसणं आई-वडिलांना झेपणार नसेल तर घड्याळी शर्यतीचा टप्पा बघा. एकेक जण ठरावीक अंतराने सुटतो, त्यामुळे दुपारभर काहीतरी चालू असतं, आणि गावात असली तर बाकडं, सावली, कॉफी सगळं जवळ. सपाटीच्या टप्प्याला गेलात तर सुटण्याच्या गावी जा. संघांच्या बस, सायकली तपासणारे मेकॅनिक आणि सायकलपटू स्वतः तिथे जवळून दिसतात.

सुट्टी जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टमध्येच मिळत असेल तर महिलांची टूर द फ्रान्स बघा. 2022पासून ती नव्या रूपात होते. 2025ला नऊ टप्पे होते आणि पोलीन फेराँ-प्रेव्होने स्वतःच्या देशात ती जिंकली. पुरुषांच्या शर्यतीपेक्षा गर्दी कमी, खोल्या मिळणं सोपं, घाट तसेच अवघड. पहिल्यांदा जाणाऱ्या मैत्रिणींना मी हल्ली हीच शर्यत सुचवते. तिचाही मार्ग ऑक्टोबरात त्याच दिवशी जाहीर होतो, तेव्हा दोन्ही नकाशे शेजारी ठेवूनच रजेचा अर्ज टाका.